उठलात तर गेलं

टायपिस्टकाकांना आम्ही ‘स्वल्पविराम’ म्हणायचो. एक स्वल्पविराम चुकला तरी अख्खं पान फाडायचे. कोर्टासमोरच्या बोळात, जिन्याखाली त्यांची खोली. वीस वर्षं तिथे दोन तऱ्हांचे करारनामे टाइप केले: पाश्चात्त्य कायद्याचे आणि इस्लामी कायद्याचे. वकील सहीची जागा बघतात. हा माणूस वाचायचा! मी शाळा सुटलेली, झगडून शिकलेली. न वाचणाऱ्या शिकलेल्यांचा मला भारी राग.

त्या खोलीत माझ्या ताईनं तिची लेथ, लोखंड कातायचं यंत्र, एका व्यापाऱ्याला विकली. नवरा गेल्यावर त्या यंत्रावर ती स्वतः बोल्टांचे आटे काढायची. घर त्यावरच चालायचं. सही केली, पेन ठेवलं आणि तिचा चेहराच उतरला.

“मला नाही विकायची,” ती पुटपुटली.

“सही झाली, विषय संपला,” व्यापाऱ्याचा वकील म्हणाला.

माझं डोकं सटकलं. मी ताईचा दंड धरला. “ऊठ ताई! बघतेच कोण लेथ नेतंय ते!”

“बसाऽऽ!” काका कडाडले. एरवी ह्या माणसाचा आवाज टाइपरायटरच्या वर जात नसे. “ताई, खुर्ची सोडू नका. आणि पुढारीणबाई, मोर्चा नंतर काढा!”

त्यांनी सातवं कलम वाचलं: करार इस्लामी कायद्यानं चालेल. व्यापाऱ्यानंच हट्टानं घातलेलं.

“वकीलसाहेब, तुमच्या पुस्तकात होकाराला होकार मिळाला की गाठ बसली. शेठच्या कायद्यात दोघं एका बैठकीत आहेत तोवर कुणीही सौदा मोडू शकतं. एक जण उठून गेला, की पक्का.”

वकील फिसकन हसला. “म्हणजे आपणच उठून जाऊ या की, शेठ!”

व्यापारी खरंच अर्धा उठला होता. दार दोन पावलांवर. तो थांबला आणि सावकाश परत बसला.

“सगळे पंथ हे मानत नाहीत,” तो म्हणाला. “आम्ही मानतो. बोला बाई, मी बसलोय.”

मी ताईचा दंड सोडला. जन्मभर मी लोकांना ‘उठा’ म्हणून सांगत आले. नुसतं बसणं एवढं मोठं असतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

“मोडला,” ताई म्हणाली.

तरी कुणी हलेना. शेवटी काकांनी कागद फाडला.

“उठा आता. चहा सांगतो.”