पॅसेजमधलं चालणं

वाढत्या वयाचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेत मी नोकरी करते. उपनगरांतल्या साठीपुढच्या माणसांची तब्येत घरोघरी जाऊन मोजायची: वजन, रक्तदाब, हाताची पकड आणि चाल. साहेब लोकांना आमचे निष्कर्ष फार आवडतात. इथले म्हातारे दणकट आहेत म्हणे! दणकट नसलेल्यांना आधीच गावी पाठवून दिलेलं असतं, हे मी मीटिंगमध्ये बोलून पाहिलं. लगेच चहा आला आणि विषय बदलला.

चाल मोजताना जमिनीवर दोन पट्ट्या चिकटवतात आणि माणसाला एकीकडून दुसरीकडे चालायला लावतात. एवढी सरळ मोकळी जागा असलेलं घर भांडुपमध्ये मला अजून सापडायचंय. म्हणून हा प्रकार बाहेर पॅसेजमध्ये होतो आणि मजल्यावरची सगळी दारं उघडतात. मला ते कधीच आवडलं नाही. म्हातारं माणूस घरात कसं चालतं ते घरच्यांनी नीट पाहिलेलंच नसतं. ते पाणी प्यायला उठतं तेव्हा यांच्या माना मोबाइलमध्ये. पहिल्यांदा नीट पाहतात ते असं पॅसेजमध्ये, शेजाऱ्यांदेखत.

त्या दिवशीच्या आजी नवव्या मजल्यावर राहायच्या. मूळच्या जालन्याकडच्या, पण उभा जन्म मुंबईत गेलेला. आत ओट्याशी रक्तदाब मोजताना त्यांनी मला हळूच सगळं सांगून टाकलं. सुनेला पुन्हा नोकरी धरायची होती. वर्षाची नात दिवसभर आजींकडे राहणार होती. पण आजींना ते झेपत नाही असं दिसलं, तर नात पाळणाघरात आणि आजी गावी, थोरल्या मुलाकडे.

"तिकडं गेले की संपले मी," त्या म्हणाल्या. "नीट लिही गं, बाई."

मुलगा मुद्दाम सुट्टी घेऊन थांबला होता. आम्ही बाहेर आलो तसा तो आणि सून दारातच उभे राहिले. "बाजारात जाता तशा चाला," हे शिकवलेलं वाक्य मी म्हटलं.

पहिल्या खेपेला उजवा पाय फरशीवरून घासत आला. मधेच हात भिंत शोधायला लागला. मुलाने बायकोकडे पाहिलं. शेजारच्या दारातून कुणीतरी "अगं बाई" म्हणालं.

"परत घे ना," आजी मला म्हणाल्या. नियमाप्रमाणे दोनदा चालवतातच आणि त्यातली बरी वेळ धरतात. आजींनी पदर खोचला. मी दुसऱ्या टोकाला उभी राहून "या, या" म्हणत राहिले आणि त्या जवळजवळ धावतच आल्या. पट्टी ओलांडूनही थांबल्या नाहीत, माझ्या अंगावर येऊन थडकल्या. त्यांचे हात गार पडले होते.

"झकास!" मुलगा टाळ्या वाजवत ओरडला. "आई, तू तर एकदम फिट आहेस ना!"

सुनेने हसत पोरीला सासूच्या कडेवर दिलं. सोमवारपासून कामावर जायचं तिथेच ठरलं.

नवरा-बायको आत गेले. मी खाली बसून पट्ट्या काढत होते. आजी माझ्याजवळ आल्या.

"दुसऱ्या वेळी डोळ्यांपुढं अंधार आला होता," त्या कुजबुजल्या. "काहीच दिसेना. तुझ्या आवाजाच्या रोखानं आले. त्याला सांगू नको हां."

पॅसेजचा कठडा जेमतेम कमरेएवढा होता. पोर सारखी तिकडे झेपावत होती, आजी तिला ओढून घेत होत्या.

लोक आम्हाला जे सांगतात ते त्यांच्या घरच्यांना सांगायचं नाही, हा आमचा पहिला नियम. तो योग्यच आहे. मी बॅग उचलली आणि लिफ्टचं बटण दाबलं. मुलगा पोचवायला आला.

"मॅडम, सगळं ओके ना? काळजीचं काही नाही ना?"

त्याच्यामागे आजी नातीला घेऊन उभ्या होत्या, माझ्याकडे टक लावून. मला त्यांचा राग आला, त्याचा आला, माझ्या नोकरीचाही आला. लिफ्टचं दार उघडलं.

"आहे," मी म्हणाले. "बाळाला यांच्यावर सोडून जाऊ नका."

आजी पुढे आल्या. "धर तुझी पोर," म्हणत त्यांनी नातीला मुलाच्या हातात दिलं आणि आता कुणाचीच चोरी नसल्यासारख्या भिंत धरून आत गेल्या.