कोठीतला पंचम

“वर भुंगा पायेल शे का?”

घरमालक नाना अंगणातून ओरडत होते. नानांचा आवाज असा की, ते धुळ्यात खोकले तर साक्रीच्या बाजारात बैल बिथरायचे.

“भुंगा नाही पाळला नाना, बेंजो आहे!” मी खिडकीतून म्हटलं.

“मंग बेंजोमा भुंगा बसेल शे. काढा त्याले!”

बेंजो म्हणजे खरं तर बुलबुलतरंग. डाव्या हातानं टाइपरायटरसारखी बटणं दाबायची, उजव्या हातानं तारा छेडायच्या. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. लग्न होऊन धुळ्यात आलेल्या बाकीच्या सुना भरतकाम शिकत होत्या, मी ही शिकवणी लावली. त्या धक्क्यातून माझं सासर जेमतेम सावरत होतं, तेवढ्यात हा भुंगा आला.

आणि नाना खोटं बोलत नव्हते. सा, रे, ग, म सगळे शहाण्यासारखे वाजायचे. पंचम दाबला की कुठून तरी भर्रर्र! गुरुजींच्या खोलीत हाच बेंजो, हाच पंचम, तिथं काचेसारखा स्वच्छ. घरी आणला की गुरगुरायचा. मी तारा बदलल्या, बटणांत फुंकर मारली, एकदा तर त्याला उलटा धरून झटकला. दोन मुंग्या आणि एक शेवेची काडी निघाली. भुंगा तसाच.

मग नानांच्या धाकानं मी पंचम गिळायला लागले. बटण अर्धंच दाबायचं, तारेला नुसतं चाटून जायचं. बोट भलतं हुशार, त्यानं तो धडा असा पाठ केला की, रविवारी गुरुजींसमोरही पंचम आला की ते आपलं चोरपावलानं पुढं सटकलं.

गुरुजी एके काळी लग्नाच्या बँडमध्ये होते. शंभर फटाक्यांतही त्यांना बेसूर ऐकू यायचा. ते म्हणाले, “ताई, तुमचा प कुठं जातो?”

“येतो ना गुरुजी.”

“येत नाही. पुढच्या रविवारी नाही आला, तर तुमची जागा दुसऱ्याला देतो. बाहेर माणसं थांबलीत.”

त्यांची खोली एवढीशी की एकानं श्वास घेतला तर दुसऱ्यानं सोडायचा. पण मला ती जागा सोडायची नव्हती. आठवडाभर पोळ्या, धुणी, पाहुणे. त्यात रविवारचा तो एक तास कुणाची सून नव्हता, माझा होता.

सोमवारी मी कंबर कसली. बेंजो दुपारी मागच्या खोलीतच वाजवावा लागे. चैत्राचं ऊन असं की दारातल्या चपला आपणहून सावलीत सरकायच्या. त्या खोलीतली गार जागा एकच, गव्हाच्या पत्र्याच्या कोठीशेजारची. कोठीला खेटून स्टूल, स्टुलावर बेंजो. मी पंचम लावला. भर्रर्र!

तेवढ्यात नाना जिना चढून आले. भांडायला आले होते, पण भुंग्याचा शोध चाललेला पाहून भांडण विसरले. त्यांनी भिंतीला कान लावला, फळीवरच्या पितळी डब्यांना लावला, शेवटी कोठीला लावला आणि चटका बसल्यासारखे मागं झाले.

“आठे शे! कोठीमा शे!”

झाकण काढलं. माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, पोळपाट टाकून धावत आल्या. तिघांनी आत डोकी घातली. वर्षाचे गहू संपले होते, नवे यायचे होते. पण कोठी पार रिकामी करायची नाही, बरकत जाते, म्हणून आत्याबाई दरवर्षी तळाशी मूठभर गहू ठेवायच्या.

“वाजाड,” नाना म्हणाले.

मी आतच बघत आंधळा हात मारला. म. गहू गप्प. ध. गप्प. प लावला आणि ते दाणे पत्र्यावर थयथय नाचायला लागले! माझ्या वरातीतसुद्धा कुणी एवढं नाचलं नव्हतं.

“माय वं!” आत्याबाई म्हणाल्या. “परत वाजाड!”

“काढून ठेवू का ते गहू?” मी विचारलं.

“हात लावू नको. घरनी बरकत शे ती.”

मी स्टूल दूर ओढलं. भुंगा थांबला, नाना समाधानानं खाली गेले. पण माझं बोट? ते तसंच चोर. पंचम आला की अर्धवट दाबून पळायचं. कान नुसते ऐकत बसले, बोट काही सुधरेना.

तेव्हा आत्याबाईंनीच स्टूल पुन्हा कोठीला खेटवलं. “दाना नाचनात म्हणजे तुन्हा प खरा. नही नाचनात म्हणजे खोटा. मी देखस.”

आणि ही बाई, जिनं माझ्या बेंजोला आजवर ‘ते लाकूड’ म्हटलं होतं, रोज दुपारी कोठीत डोकं घालून बसायला लागली. आतून घुमणारा आवाज यायचा, “नही नाचनात!” मी जोर लावायची. “एकच नाचना! आळशी शे तो बी!” मी आणखी दाबायची. शनिवारी दाणे असे उसळले की एक आत्याबाईंच्या नाकावर बसला, असं त्या अजून शपथेवर सांगतात. खालून नाना ओरडले, तर आत्याबाईंनी कोठीतूनच उत्तर दिलं, “नाना, शिकनं चालू शे! गप ऱ्हा!” धुळ्याच्या इतिहासात नानांना गप्प बसवणारी ती पहिली व्यक्ती.

रविवारी गुरुजींसमोर बसले. तिथं कोठी नाही, आत्याबाई नाहीत. सा, रे, ग, म... आणि बोट पळालं नाही. पंचम असा खणखणीत लागला की शेजारच्या मुलाची तारा छेडायची पट्टी हातातून निसटली.

मग मला राहवलं नाही. मी गुरुजींना सगळं सांगितलं. नानांचा भुंगा, मूठभर बरकत, नाचणारे गहू, कोठीतल्या आत्याबाई, नाकावरचा दाणा. गुरुजी तारेची खुंटी पिळत ऐकत होते. माझं सांगून झालं तेव्हा त्यांनी ती तार एकदा छेडून पाहिली.

“बरं,” ते म्हणाले. “पुढच्या रविवारी धैवत.”