काकांनी गंधक परत घातलं

सहा वर्षं मी एकच उद्योग केला. धूर कमी विषारी व्हावा म्हणून डिझेलमधलं गंधक काढणारी भुकटी बनवली. डोळ्यांना न दिसणारे नॅनो कण. त्यांच्या कडांना गंधक अडकवायचं आणि हायड्रोजन देऊन हाकलायचं. सहा वर्षांत चिमूटभर भुकटी झाली आणि माझ्या नावाआधी डॉक्टर लागलं. लगेच अमडापूरला सत्कार. शाल, श्रीफळ आणि माझं अर्ध्या तासाचं भाषण, जे गावानं निव्वळ चहाच्या आशेवर ऐकलं.

भाषण संपल्यावर पहिल्या रांगेतले माझे काका उठले.

"काऊन वं, सोयाबीनले गंधक देल्लं तं दाण्यात तेल भरते. आन् तू तेलातलंच गंधक काढून राह्यली? म्हणून तं आजकालच्या डिझेलात दम नाई!"

सगळे हसले. मीही हसले, तेही माईकवर. "काका, ते वेगळं," एवढं बोलून चहाकडे वळले. समजावायला दोन मिनिटं पुरली असती, पण डॉक्टरीणबाईंना घाई होती.

दुसऱ्या दिवशी हरभऱ्याची पेरणी होती. रानात ओल जेमतेम दोन दिवसांची. काकांनी फवारणीतलं उरलेलं गंधक पिशवी उलटी करून ट्रॅक्टरच्या टाकीत ओतलं. माझी सहा वर्षं पाच मिनिटांत निकालात निघाली. ट्रॅक्टर अर्धं वावर पेरून धुऱ्यापाशी, बांधालगत, खोकला आणि बसला.

चिखलीहून मिस्त्री आला. फिल्टरमधला पिवळा गाळ बोटावर घेऊन त्यानं विचारलं, "हे कोनं सांगतलं तुमाले?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "आता काढ. तुले तं येते."

माझ्या भुकटीला तीनशे अंशांच्या वर उष्णता लागते, दाबाखालचा हायड्रोजन लागतो. काकांकडे बादली होती. मी टाकी उपसली, जुन्या धोतराच्या फडक्यानं पुसली. सगळं साफ होऊन ट्रॅक्टर सुरू व्हायला तीन दिवस गेले. तोवर ओल उडाली आणि अर्धं वावर पडीक राहिलं. काकांनी मिस्त्रीचे पैसे चुकते केले आणि मला चहा दिला. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आता गावी गेले की ते भेटेल त्याला माझी ओळख करून देतात. "हे आमची पुतणी. गंधकाची डाक्टर हाये. तिले काई इचारू नका, हासते ते."