अंगावरच्या अत्तराला नावं ठेवू नयेत

फ्रेंच अत्तरांवर मराठीत लिहिणारा धुळ्यात मी एकटाच असेन. कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून माझी नोकरी. पॅरिस तर सोडाच, विमानसुद्धा मी जवळून पाहिलेलं नाही. पण मुंबईच्या एका हौशी माणसाकडून दोन-दोन मिलीच्या कुप्या मागवायच्या आणि इंटरनेटवर त्यांच्याबद्दल तोऱ्यात लिहायचं, हा माझा छंद होता. वाचणाऱ्यांना वाटायचं, काय तिखट नाक आहे या माणसाचं! नाक माझं नव्हतं, बायकोचं होतं.

रविवारी दुपारची जेवणं उरकली की आम्ही दोघं पुढच्या खोलीत बसायचो. मी कागदाच्या पट्टीवर एक थेंब सोडायचो आणि पुस्तकात वाचलेलं बोलायला लागायचो. ती पट्टी नाकाशी धरून गप्प बसायची. ती पाचोऱ्याची. एरवी माझ्याशी पुस्तकी मराठीत बोलायची, पण मत द्यायचं असलं की माहेरची बोली बाहेर पडायची. सगळं जग ज्याच्यापुढे शंभर वर्षं मान तुकवतं ते अत्तर हुंगून ती म्हणाली होती, "इस्त्रीना दुकानमा कोनी गजरा भूली गयं." मी हसलो आणि तेच वाक्य जरा सजवून लिहून टाकलं. इतकं खरं त्या अत्तरावर मी स्वतःहून कधीच लिहिलं नसतं.

एकदा एका जुन्या बाटलीतला थेंब हाती लागला. त्या अत्तराचा सगळा डोलारा ओकच्या खोडावर उगवणाऱ्या शेवाळासारख्या एका वनस्पतीवर उभा असतो. तिच्यावर मी दोन रात्री वाचून काढल्या होत्या. बायकोनं पट्टी एकदा हुंगली, उठून मसाल्याचा डबा आणला आणि माझ्या नाकाखाली धरला. "यामा दगडफूल शे." खरंच होतं ते. आमच्या काळ्या मसाल्यातलं दगडफूल त्या फ्रेंच वनस्पतीचं चुलत भावंड निघालं. पुढे त्याच अत्तराची नवी बाटली मी हौसेनं पूर्ण विकत घेतली. त्या वनस्पतीनं कुणाकुणाच्या अंगावर पुरळ उठतं म्हणून युरोपात निर्बंध आले आहेत, त्यामुळे अत्तर पातळ झालेलं. ती म्हणाली, "दगडफूल कोनी काढी लिधं?" तरी ती बाटली तिला आवडायची. दर रविवारी मनगटावर एक फवारा, बास. बाकीचे सहा दिवस बाटली कपाटात.

अत्तराची पहिली अक्षरं मात्र मी जुन्या धुळ्यातल्या एका अत्तरवाल्या चाचांकडे गिरवली होती. कानात फाया ठेवून बसलेले चाचा गिऱ्हाइकाला एक नियम सांगायचे. "शीशी के इत्र में जितने चाहो ऐब निकालो, बदन पर लगे में नहीं." माणसानं अंगाला लावलं की ते अत्तर राहत नाही, तो माणूस होतो, असं त्यांचं म्हणणं. बायकोला हा नियम फार पटला होता. एका लग्नात मी साडूच्या सेंटबद्दल काही बोलायला तोंड उघडलं, तर तिनं मला चिमटा काढला आणि कुजबुजली, "आंगवर शे!" तेव्हापासून आमच्या घरात तो परवलीचा शब्दच झाला. कुणाच्या वासाबद्दल विचारलं आणि उत्तरात चाचांचा नियम आला, की समजायचं, वास वाईट आहे.

मग तिच्या छातीत गाठ निघाली. आधी धुळे, मग जळगाव. एसटीनं किती खेपा केल्या, देव जाणे. औषधांनी ती वाळत गेली, केस गेले, पण नाक काही बोथट झालं नाही. शेवटी जळगावच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आता घरी न्या. गाठ फुटून जखम झाली होती. जखमेवर टाकायची पूड दिली, वास जरा कमी होईल म्हणाले.

वास कमी झाला नाही. मोगऱ्याच्या फ्रेंच अत्तरांवर लिहिताना मी कधीतरी मोठ्या दिमाखात म्हटलं होतं, की थोडं सडकं मिसळल्याशिवाय फूल खरं वाटत नाही. ज्यानं हे लिहिलं त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटते. जखमेची पट्टी बदलताना मी तोंडानं श्वास घ्यायचो आणि तिला कळू नये म्हणून सतत काहीतरी बडबडत राहायचो.

एका मंगळवारी शेजारच्या बायका भेटायला येणार होत्या. त्यांनी नाकाला पदर लावलेला तिला दिसू नये, एवढंच माझ्या मनात होतं. मी कपाटातून ती बाटली काढली आणि पडद्यांवर, चादरीवर, उशीवर फवारली. बायका आल्या, बसल्या, चहा पिऊन गेल्या. कुणी पदर लावला नाही. मला बरं वाटलं.

त्या गेल्यावर तिनं मला जवळ बोलावलं.

"आज रविवार नाही," ती म्हणाली.

मी तिची उशी नीट करायला लागलो.

"बाटल्यांना खरं-खरं सांगतस तुम्ही. माले बी सांगा. मना आंगना वास येस का?"

नाही म्हणायला हवं होतं. किंवा हो म्हणून तिचा हात धरायला हवा होता. दोन्हीतलं काहीही चाललं असतं. पण ती माझ्या डोळ्यांत बघत होती आणि मी भेदरलो होतो. लग्नात तिनं मला गप्प केलं होतं तेच आठवलं, वाटलं, ती हसेल, विषय टळेल.

"अंगावरच्या अत्तराला नावं ठेवू नयेत," मी म्हणालो.

ती हसली नाही.

"म्हनजे येस," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं पाचोऱ्याहून धाकट्या बहिणीला बोलावून घेतलं. त्यानंतर सव्वीस दिवस ती होती. पट्टी बहीण बदलायची. तेवढा वेळ खोलीचं दार आतून लावलेलं असायचं, आणि मी बाहेर बसलेला असायचो.