दुसऱ्या कार्डाची फी

समुद्राच्या तळाशी जाऊन मासे बघायचंसुद्धा एक लायसन असतं, हे आमच्या भडगावात कुणाला पटवून देता येत नाही. मी तो नाद सोडला. मालवणला जाऊन कोर्स केला, परीक्षा दिली आणि एटीएमच्या कार्डाएवढं एक प्लास्टिक मिळवलं. त्यावर माझा फोटो, आणि ही बाई अमुक खोलीपर्यंत पाण्याखाली जाऊ शकते असा दाखला. ते कार्ड यंदा श्रावणात हरवलं, आणि दुसरं काढायची फी ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

जळगावात एका जलतरण तलावावर मी बायकांना पोहायला शिकवते. एखादी बाई महिनाभर पाण्यात हातपाय मारायला जेवढे पैसे देते, त्याच्या दुपटीहून जास्त पैसे या प्लास्टिकच्या तुकड्याला. नुसतं मोबाईलवर हवं असेल तर थोडे कमी. घरपोच लवकर हवं तर वेगळे. कार्डावर कासवाचं चित्र हवं तर आणखी वर. मला कासव नको होतं. मला माझंच कार्ड हवं होतं.

मालवणच्या सेंटरवरून फोनवर बोलणारा माणूस अनोळखी नव्हता. पाण्याखाली तोंडावरचा मास्क काढून परत कसा घालायचा, ते त्यानेच मला शिकवलं होतं.

"मॅडम, रेकॉर्डला तुम्ही दिसताय," तो म्हणाला.

"मग झालं की."

"पण कार्ड काढल्याशिवाय पुढच्या कोर्सला नाव घेता येत नाही. कंपनीचा नियम आहे."

"माझा हात धरून तुम्हीच मला खाली नेलंत ना?"

"मी ओळखतो हो. सिस्टिम ओळखत नाही."

असल्या माणसाला काय बोलणार? पुढचा कोर्स बुडणाऱ्याला वाचवायचा होता. तो झाला की त्याच्याच सेंटरवर मला नोकरी मिळणार होती, आणि त्या भरवशावर तलावावर मी राजीनामा देऊन बसले होते. गुरुवारी संध्याकाळपर्यंत कार्ड आलं नाही तर माझी जागा पुण्याच्या कुणा मुलीला जाणार होती. फी भरायला हात धजत नव्हता असं नाही. चीड येत होती. खिसेकापूला पैसे देऊन आपलंच पाकीट सोडवून आणावं, तसं वाटत होतं.

पाकीट मात्र चोरीला गेलंच नव्हतं. त्यातले पैसे, आधार, एसटीचा पास, सगळं जागच्या जागी होतं. फक्त हे कार्ड नव्हतं. रविवारी कानबाई, आमची खानदेशातली देवी, बसली म्हणून मी घरी गेले होते, सोमवारी गिरणा नदीत तिचं विसर्जन करून परतले. म्हणजे पडलं तर घरीच पडलं असणार. गुरुवारी सकाळीच मी भडगावची बस धरली.

माय ओसरीवर गहू निवडत होती. मी आल्याआल्या गाद्या उलथल्या, कपाट उपसलं, कानबाईच्या चौरंगाची जागासुद्धा झाडून पाहिली. तिने एकदाही विचारलं नाही की काय शोधतेस. माझ्यापुढे ताट ठेवलं, त्यात खीर आणि रोट. कानबाईचे हे जाड रोट विसर्जनानंतरही चार दिवस पुरतात. ते घरच्यांनीच संपवायचे, बाहेरच्याला तुकडा द्यायचा नाही, असा आमच्याकडे कडक रिवाज आहे.

मी पहिला घास मोडला तेव्हा ती म्हणाली, "नको शोधू. ते कार्ड मीच ठेवं व्हतं, कानबाईना हारमा."

"आणि विसर्जनात?"

"गयं. नदीमा."

मला वाटलं, चुकून गेलं. आशीर्वादासाठी ठेवलं असेल आणि निर्माल्याबरोबर वाहून गेलं असेल. तसं मी म्हटलंही. माय माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाली, "चुकीसन नही. मी तिले सांगं, माय, हाई कार्ड ली जाय, मनी पोरले ऱ्हाऊ दे."

माझा मामा गिरणेत बुडून गेला होता. वाळू उपसून केलेल्या खड्ड्यात पाय घसरला, आणि काठावर उभ्या असलेल्या माणसांत कुणाला पोहता येत नव्हतं. हे मला माहीत आहे, म्हणून तर मी पोहायला शिकले. पण त्या क्षणी मला तिची दया आली नाही. मला तिचा रागच आला, भयंकर राग. कार्ड बुडवलं की पोरीचं पाण्यात जाणं बंद, असा तिचा हिशेब. तिकडे मालवणच्या त्या शहाण्याचाही हिशेब तोच, कार्ड नाही तर बाई पाण्यात उतरू शकत नाही. दोघांनी मिळून मला त्या प्लास्टिकमध्ये कोंबलं होतं.

"रोटाचे गहू किती घ्यायचे ते घरातले पुरुष मोजून ठरवता," मी ओरडले, "मला धरत नाही. आणि नवस बोलायला बरी मी आठवले!"

मी डाव्या हाताने मोबाईल काढला आणि तिच्यादेखत फी भरली. मोबाईलवरच्या कार्डाची भरली, छापील कार्डाचीही भरली. लवकर पाठवायचे जादा पैसेही भरले, केवळ तिला दिसावं म्हणून.

"भरात पैसा?" तिने विचारलं.

"भरले. सोमवारी जातेय."

माय उठली. माझ्यापुढचं ताट तिने उचललं आणि मोडलेल्या घासासकट आत नेलं. डब्याचं झाकण लागल्याचा आवाज आला.

"रोट घरनासकरता शे," ती आतूनच म्हणाली. "तू आते समुद्रनी व्हयनी."

समुद्राची झाले तर झाले, म्हणत मी पिशवी खांद्याला लावली. तेवढ्यात ती बाहेर आली. हातात दुसरं ताट होतं, त्यात दोन भाकरी, वांग्याची भाजी आणि ठेचा. शेजारी तिने पाण्याचा तांब्या ठेवला, वर पेला उपडा घातलेला, आल्यागेल्यासाठी ठेवतात तसा.

"खाई ले. पाहुणाले उपाशी धाडतस नही."

मी पिशवी खाली ठेवली. माय समोर बसून बघत होती, म्हणून मी दोन्ही भाकरी संपवल्या.