फिलोमेनने पुढे ढकललेले सापळे

फिलोमेन देजार्लेने म्हणे झाडं कुरतडून ओढे अडवणारे दोन बीव्हर पोत्यात घालून आणले आणि तेलकंपनीच्या रस्त्याखालच्या मोरीत सोडले. नर-मादी, अगदी पारखून! आमच्या तळ्याकाठच्या वस्तीत ही कुजबूज चर्चच्या पायरीवरून पेट्रोलपंपावर पोचेपर्यंत पोत्यातले बीव्हर सहा झाले होते.

फिलोमेन सत्तरीची. तळ्यापलीकडच्या जंगलात सापळे लावायचा परवाना तिच्या एकटीचा, बापाकडून आलेला. तिथेच नवऱ्याने ओंडके रचून बांधलेली तिची खोली होती. नवरा गेला, खोली उरली. वाळूत मुरलेलं तेल उपसायला कंपनीला नेमकी तीच जागा हवी झाली. साइटचा साहेब क्रेग व्हिटलो तिच्याकडे चहा पिऊन, वर तळलेली रोटी खाऊन म्हणाला, "फिलोमेनबाई, बर्फ पडायच्या आत नवी खोली उभी करून देतो."

खोली पाडली. मग तेलाचे भाव कोसळले आणि तिला पत्र आलं: प्रकल्प पुढे ढकलण्यात आला आहे, त्यासोबतची सर्व कामेही. योग्य वेळी कळवण्यात येईल.

तिने पत्र चुलीत घातलं नाही. घडी घालून चहाच्या डब्यात ठेवलं.

पुढच्या शरदात मोरी तुंबली. बीव्हरांनी फांद्या आणि चिखल लिंपून असा बांध घातला की रस्त्यावर मांडीभर पाणी. पलीकडे कंपनीची अवजड यंत्रं अडकली, दुसऱ्या साइटवर न्यायची होती ती. बांध दिवसा फोडावा, तर सकाळी पुन्हा तयार.

"खरं सांग, पोत्यात किती होते?" चुलतभाऊ इझिडोरने विचारलं.

"तुला सहापुढे मोजता येतं का?"

मग क्रेग आला, टोपी हातात घेऊन. "फिलोमेनबाई, तेवढे बीव्हर पकडा की."

तिने डबा उघडला, चष्मा लावला आणि पत्र त्याला सावकाश वाचून दाखवलं. "माझेही सापळे पुढे ढकललेत. आधी खोली, त्याच जागी. आणि ओंडके तू सोलायचे, साहेब. मजूर नकोत."

क्रेगने अकरा दिवस ओंडके सोलले. तळव्यांना फोड आले, राळेने बोटं चिकटली. फिलोमेन उपड्या बादलीवर बसून चहा पीत होती. "खालची बाजू राहिली."

"पुरे कर गं, माणूस आहे तो," इझिडोर म्हणाला.

"माझा नवराही माणूसच होता. त्याने कोणाला टोपी काढून विनवलं नाही."

छप्पर चढलं, दार लागलं. क्रेगने फुंकर घालत तळवे झटकले. "आता सापळे लावणार ना?"

"योग्य वेळी कळवण्यात येईल," असं म्हणून तिने आतून कडी घातली.

पोतं कधी नव्हतंच. तो रस्ता झाल्यापासून दर शरदात त्या मोरीत बीव्हर येत होते आणि अकरा वर्षं फिलोमेन ते कोणी न सांगता पकडत होती. त्या वर्षी तिने सापळा लावला नाही.