वाळ्याचा पडदा

माठात वाळा टाकला की मला अजून द्वारका चौकाजवळचा तो दवाखाना आठवतो. कचेरीच्या ताणाने ह्यांची झोप कित्येक वर्षं उडाली होती, म्हणून कुणीतरी संमोहनाने उपचार करणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंचं नाव सुचवलं होतं. उन्हाळ्याची दुपार, खिडकीला वाळ्याचा ओला पडदा. बाईंनी ह्यांना आरामखुर्चीत निजवलं, मला कोपऱ्यातल्या स्टुलावर बसवलं आणि म्हणाल्या, "वहिनी, मध्ये बोलायचं नाही हं." मग त्या हळू आवाजात आकडे मोजू लागल्या. ज्या कपाळाला मी रोज तेल लावून चेपत होते, त्यावरच्या आठ्या परक्या बाईच्या नुसत्या आवाजाने माझ्यादेखत विरल्या. माझा नुसता जळफळाट झाला. "जिथे तुम्हाला बरं वाटतं तिथे जा," बाई म्हणाल्या. "कुठे आहात?" हे म्हणाले, "येवल्याला. मामांच्या हातमागापाशी. खटखट ऐकतोय." "सोबत कोण आहे?" मी पदर मुठीत धरून बसले. "कोणी नाही," हे म्हणाले, आणि इतकं निवांत हसले की तसं हसू मी आमच्या घरात कधी पाहिलं नव्हतं. येताना बसमध्ये माझ्याच खांद्यावर डोकं टाकून ते गाढ झोपले, आणि मी धुमसत राहिले. एखाद्या बाईचं नाव घेतलं असतं तर भांडता तरी आलं असतं. आता हे नाहीत. दुपारी डोळा लागत नसला की मीही डोळे मिटून त्या हातमागापाशी जाते, आणि कुणी बोलावलेलं नसताना ह्यांच्या शेजारी जाऊन बसते.